तोंडीचे एकोणीस गुण

मुलुंडच्या शाळेत मी नोकरीला लागले ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांचा सहावीचा वर्ग मला मिळाला. जागा तात्पुरती होती. जूनपासून मला ठेवायचं की नाही, हे मुख्याध्यापक एप्रिलच्या अखेरीस ठरवणार होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनी कचेरीत पेढे वाटले आणि मुंबईत नोकरी लागली तेव्हा पुन्हा वाटले. त्यामुळे जूनमध्ये घरी परत जावं लागलं तर काय, हा विचार मी करतच नसे; म्हणजे तो दिवसातून दहा वेळा मनात येई आणि दहा वेळा मी तो बाजूला सारत असे.

मला सगळ्याचीच भीती वाटे. माझ्या बोलण्यातले गावाकडचे हेल मुलांच्या लक्षात येतील याची, तपासनीस अचानक वर्गात येऊन बसतील याची, शिक्षकांच्या खोलीत कुठली खुर्ची कुणाची आहे हे न कळून भलतीकडेच बसू याची. मामांकडे राहत होते, त्यांचं घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत मी दिवसाचे सगळे धडे मनाशी म्हणून घेई.

माझ्या वर्गात मागून दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसे. तिचे वडील कोकणातले. पूर्वी लालबागच्या गिरणीत होते, आता मुलुंडलाच एका कारखान्यात लागले होते. पोरीचं डोकं तोंडी हिशेबात असं चाले की मी गणित सांगून पुरं करायच्या आत तिचा हात वर. वहीत मात्र नुसतं उत्तर. रीत कुठे आहे विचारलं की म्हणे, "मनात केली, बाई." वर्ग हसे. मीही हसत असे. तिचं मला कौतुक होतं आणि ते मी लपवत नव्हते. पुढे जे झालं त्यात माझ्या या हसण्याचाही वाटा होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्या शाळेत वार्षिक परीक्षा आणि निकाल यांच्या मधल्या रविवारी पालकांची सभा असे. शाळा म्हणजे एका व्यापाऱ्याचा जुना बंगला आणि मागे कौलारू वर्गांची रांग. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गात टेबल मांडून बसायचं आणि पालकांनी एकेक करून यायचं. मुलाच्या सवयी, अभ्यास, वागणूक यांवर हवं तेवढं बोलायची मुभा होती. निकाल मात्र सांगायचा नाही, असा मुख्याध्यापकांचा दंडक होता. निकालपत्रकावर त्यांची सही होईपर्यंत ते गुण गुणच नव्हेत, असं ते बजावून सांगत.

माझी ती पहिलीच सभा. ऑफिसात जाणारे, खिशाला झरणीचं पेन लावलेले गृहस्थ समोर येऊन बसत आणि मी पाठ केलेली वाक्यं घाईघाईने म्हणून टाकी. एकांनी मी कुठल्या कॉलेजची हे विचारलं. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या की आधीच्या बाई फार छान शिकवायच्या हो, आणि मग मला वाईट वाटेल म्हणून माझ्या अक्षराची स्तुती करून गेल्या. दुपारी बारापर्यंत मी थकून गेले होते.

सर्वांत शेवटी त्या मुलीचे वडील आले. ते तासभर आधीच येऊन दाराबाहेर बसले होते, पण कोट घातलेल्या लोकांना पुढे जाऊ देत होते. धुवट सदरा, वर काळी टोपी. खुर्चीवर बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. तिच्या वागण्याविषयी मी बोलू लागले तर त्यांनी हात जोडून मला थांबवलं.

"बाई, माझ्या चेडवाचा काय झाला ता एकदा सांगा. पास काय नापास?"

निकाल आज सांगत नाहीत, मुख्याध्यापकांची सही व्हायची आहे, असं मी म्हटलं. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. गावी त्यांची म्हातारी आई एकटी. सुट्टीत बोटीने सगळे गावी जाणार. मुलगी पास झाली असेल तर परत आणणार, पुढे शिकवणार. नाही तर तिला आजीपाशी ठेवून येणार. आईला तसं आधी कळवायला हवं, म्हणजे ती मनाची तयारी करील.

"नापास झाला तर गावाक ठेवतलंय तिका. हयसर ठेवन काय करू?" हे ते रागाने म्हणाले नाहीत. साधा बेत सांगावा तसं म्हणाले.

टेबलाच्या खणात माझं पेन्सिलीने भरलेलं गुणपत्रक होतं. मी खण थोडा उघडला. गणित, पंचेचाळीस. बाकीचे विषयही पस्तिसाच्या वर. माणूस तासभर उन्हात बसला होता, आणि एक चांगली गोष्ट सांगणं माझ्या हातात होतं. त्या दिवशी दुसरं काहीच माझ्या हातात नव्हतं.

"पास आहे," मी म्हटलं. "गणितात पंचेचाळीस आहेत. पण कुणाला बोलू नका."

त्यांनी पुन्हा हात जोडले. तसंच जाऊन आईला पत्र टाकतो, म्हणाले.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत सुट्टी शिरली होती. नकाशे गुंडाळून कपाटावर चढले होते, खडूच्या पेट्या मोजून झाल्या होत्या, कुणीतरी घरून पन्ह्याची बरणी आणली होती. जो तो गावच्या गोष्टी बोलत होता. मी निकालपत्रकावर शाईने आकडे चढवायला बसले होते. शेजारी सातवीच्या बाई होत्या, शाळेतल्या सर्वांत जुन्या. त्यांनी माझ्या कागदावर नुसती नजर टाकली आणि त्यांचा चमचा पन्ह्यात थांबला.

"अगं, तू तोंडी कशाला मिळवलीस?"

मला कळेना. आमच्या गावच्या शाळेत गणिताच्या तोंडी परीक्षेचे गुण लेखीत मिळवत आणि त्या बेरजेवर पास-नापास ठरत असे. मी तशीच शिकले, तशीच पास झाले. जगात दुसरी काही रीत असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. बाईंनी समजावलं. इथे तोंडीचे गुण प्रगतिपुस्तकात वेगळ्या रकान्यात लिहितात, ते शेऱ्यापुरते. पास व्हायला लेखीतच पस्तीस हवेत.

मी सगळा वर्ग पुन्हा तपासला. फरक एकाच नावापुढे पडत होता. लेखी सव्वीस, तोंडी पंचविसांत एकोणीस.

"कुणाला सांगितलं तर नाहीस ना?" बाईंनी विचारलं. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना उत्तर मिळालं असावं. त्यांनी बरणी बाजूला सारली. मी दबक्या आवाजात रविवारची हकीकत सांगितली. एका विषयात गेलेल्यांची जूनमध्ये शाळा उघडते त्याच दिवशी फेरपरीक्षा होते, एवढं त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या की तो बाप तिला परत आणील तर ना. एकदा गावी राहिलेली पोर पुन्हा शाळेत आलेली आपण पाहिलेली नाही.

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पेपर तुझ्याकडेच आहेत ना? मग नऊ मार्क शोध. शोधले की सापडतात."

दुपारी मी रिकाम्या वर्गात दार लोटून बसले. तिचा पेपर पुढे आणि हातात लाल पेन्सिल. पहिल्या तीन गुणांना मी आजही लबाडी म्हणणार नाही. एका गणितात अर्धी रीत होती आणि मी ती आधी पाहिलीच नव्हती. एकोणतीस झाले. पुढे मात्र सगळीकडे नुसती उत्तरं. नियमाप्रमाणे उत्तराला एक गुण, रीतीला चार. उत्तरं बरोबर होती, एकाखाली एक, नीट ओळीत. मनात केली, बाई. मी एका ठिकाणी एकाचे चार केले. दुसरीकडेही केले. पस्तीस.

तेवढ्यात व्हरांड्यात शिपायाची चाहूल लागली. तो सरळ निघून गेला, पण मी रबर घेऊन त्या दोन आकड्यांवर घासू लागले. लाल पेन्सिल निघेना. मी जोराने घासलं आणि कागद फाटला. करंगळीच्या नखाएवढं भोक, आणि त्याच्या कडेला लाल डाग.

त्यानंतरचा अर्धा तास मी काय केलं ते मला आठवत नाही. भोकातून खालचं टेबल दिसत होतं, तेवढं आठवतं. पेपर वर्षभर शाळेत राहतात. कुणीही कपाटातून काढला तर ते भोक दिसणार होतं. तेव्हा मी उठून मुख्याध्यापकांकडे गेले. मी प्रामाणिक होते म्हणून गेले, असं मला म्हणता येत नाही. कागद फाटला नसता तर गेले असते की नाही, हे मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येणार नाही.

मुख्याध्यापक धोतर आणि बंद गळ्याचा कोट घालत, आणि बोलताना समोरच्याकडे न पाहता खिडकीकडे पाहत. त्यांनी पेपर उजेडासमोर धरला. भोकातून ऊन त्यांच्या बाहीवर पडलं. मी सगळं सांगितलं: गावची रीत, रविवारी दिलेला शब्द, पस्तीस, रबर. मग टाक घेऊन त्यांनी पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः तपासला. माझे तीन गुण ठेवले. कोपऱ्यात एकोणतीस लिहून खाली सही केली.

मी उभीच होते. आता वडिलांना पत्रात काय लिहायचं, याची वाक्यं डोक्यात तयार होऊ लागली होती.

"तुमचं जूनचं पत्र मी शनिवारीच सही करून ठेवलं आहे," ते खिडकीकडे पाहत म्हणाले. "ते मी फाडणार नाही. पण त्या गृहस्थांना शाळेकडून काही कळवलं जाणार नाही. तुम्ही सांगितलंत, तुम्हीच जाऊन सांगा. निकालाच्या आधी."

त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायला जड जातं, पण लिहिते. मला आनंद झाला. नोकरी राहिली होती. मी त्यांचे आभार मानले, दोनदा मानले, आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर पोचले तेव्हा लक्षात आलं की मी सुटले आहे आणि ती मुलगी सुटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याची पाळी सुटण्याच्या वेळी मी मुलीच्या चाळीत गेले. खोलीत बांधाबांध चालली होती. एक पत्र्याची ट्रंक, दोन बोचकी, म्हाताऱ्या आईसाठी घेतलेलं नवं घोंगडं. मुलीची आई लगबगीने चहाचं आधण ठेवू लागली, मी नको म्हणत राहिले. मुलगी पिंपाजवळ उभी होती. बाई घरी आल्या म्हणून तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. मला वाटलं, परत फिरावं, काहीतरी निमित्त सांगावं.

उभ्या उभ्याच मी सांगून टाकलं. चूक माझी, ती नापास आहे, गणितात एकोणतीस आहेत. मुलीकडे पाहायचं मी टाळलं, पण तिचं हसू थांबलं ते मला न पाहताही कळलं.

वडील ओरडले नाहीत. मी ओरडण्याची तयारी करून गेले होते, त्यामुळे त्या शांततेपुढे माझं काही चालेना. त्यांनी विचारलं, असं सगळ्यांच्याच पोरांचं झालं की एकटीचंच? एकटीचंच, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"तुम्ही बोललात म्हणान मी आवशीक कागद लिवलंय. पास झाला म्हणान. आता तिका काय लिवू?"

मी फेरपरीक्षेचं सांगितलं. शाळा उघडेल त्या दिवशी सकाळी, फक्त गणित, पस्तीस मिळाले की सातवीत. मात्र त्यासाठी तिला परत आणावं लागेल. शेवटच्या बोटीने आणलंत तरी चालेल, नंतर पावसाळ्यात बोटी बंद होतात, असं मी त्यांनाच सांगत होते, जणू त्यांना ते ठाऊक नव्हतं.

"बघू," ते म्हणाले.

मुलीसाठी मी गणितं उतरवून एक वही नेली होती. ती दिली आणि सांगितलं की मनात जे जे करतेस ते सगळं कागदावर उतरव, एकही पायरी गाळू नकोस. तिने वही घेतली.

"पण बाई, उत्तर बरोबर आलं तर?"

तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख दिसलं की या मुलीला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी वर्षाचा निम्मा भाग तिच्यासमोर उभी राहून हसत होते. "तरीसुद्धा उतरव," एवढंच मी म्हणू शकले.

निकाल लागला, शाळेला कुलूप पडलं. सातवीच्या बाई फाटकाशी म्हणाल्या, आता दीड महिना शाळेचं नावसुद्धा काढायचं नाही हं. मी हसले. दुसऱ्या दिवशी गावी गेले. वडिलांनी माझं नेमणुकीचं पत्र सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि आठवडाभर ते लोकांना दाखवत फिरले. आई म्हणे, पोर दमून आलीय, झोपू द्या तिला. मी झोपत नव्हते. पडल्या पडल्या मोजत असे: आज ते गावी पोचले असतील, आज आजीला कळलं असेल, आज ती वही चुलीत गेली असेल. त्यांच्या गावचा पत्ता मी विचारून घेतला नव्हता. नुसता तालुका माहीत होता. तालुक्याच्या नावाने कार्ड टाकावं असंही एकदा मनात आलं.

एका संध्याकाळी माझ्या जुन्या गुरुजींना भेटायला गेले. माझी फी माफ व्हावी म्हणून ज्यांनी वडिलांकडून अर्ज लिहून घेतला होता, तेच हे गुरुजी. त्यांच्यामुळे मी शिकले. त्यांना मी विचारलं, आपण तोंडीचे गुण लेखीत का मिळवत होतो? ते आठवू लागले आणि मग म्हणाले, अगं, लढाईच्या दिवसांत कागद मिळत नव्हता. उत्तरपत्रिका पुरेनात, तेव्हा लेखी निम्मी केली आणि तोंडी वाढवून दोन्ही मिळवू लागलो. लढाई संपली, कागद आला, पण पद्धत तशीच राहिली. आता बदलायला हवी खरी, म्हणाले, आणि मुंबईला कसं चाललंय हे त्यांनी मोठ्या उत्सुकतेने विचारलं. बरं चाललंय, मी म्हटलं. त्यांच्यापाशी खरं बोलण्याचा धीर मला झाला नाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या दोन दिवस आधी मी मुलुंडला परतले. मामी सहज म्हणाली की शेजारची कोकणातली मंडळी शेवटच्या बोटीने येऊन पोचलीसुद्धा. मी तशीच त्या चाळीत गेले. खोलीला कुलूप होतं.

पहिल्या दिवशी सकाळी फेरपरीक्षेला तीन बाक मांडले होते. दोनांवर मुलगे येऊन बसले. सातवीच्या बाईंनी पेपर वाटले, तिसऱ्या बाकावरही एक ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर डस्टर ठेवलं. मला त्या खोलीत थांबायची परवानगी नव्हती. मी व्हरांड्यात उभी राहून फाटकाकडे पाहत होते. घंटा झाली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मुलांच्या टाकांचा आवाज ऐकू येत होता. मला आता भीतीसुद्धा वाटत नव्हती.

मग ते दोघे आले. वडिलांच्या डोक्यावर ट्रंक, मुलीच्या काखेत बोचकं. बोट चुकली होती. एस.टी.ने, मध्ये एक रात्र स्टँडवर काढून, ते स्टेशनवरून थेट शाळेत आले होते. व्हरांड्यात आलेल्या मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, पोरीच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि आत जा म्हणाले.

वडील पायरीवर बसले. मी जवळ उभी राहिले. माझ्याकडे न पाहता त्यांनी सांगितलं की आईला त्यांनी काहीच कळू दिलं नव्हतं. नात पास झाली म्हणून म्हातारीने वाडीत घरोघर साखर वाटली. मुलीला तिथेच ठेवून यावं असं रोज मनात येई. पण ठेवायची तर का ठेवली हे सांगावं लागलं असतं, आणि तोंडाने ते निघेना. आज नापास झाली तर सांगावंच लागेल. आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरून तिथे होतो, पण ते मला त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

पेपर मुख्याध्यापकांनी स्वतः, तिथल्या तिथे तपासले. तिचा पेपर माझ्या हातात आला तेव्हा मला आकडा आधी दिसलाच नाही. पानभर पायऱ्या दिसल्या. प्रत्येक बेरजेवर हातचे लिहिले होते, साध्या पाच अधिक सातालाही तिने हातचा एक मांडला होता. काही सोडायचं नाही, या धास्तीने तिने इतकं लिहिलं होतं की शेवटची दोन गणितं वेळेअभावी राहून गेली होती. कोपऱ्यात चाळीस होते.

मी बाहेर येऊन सांगितलं. पास आहे, चाळीस. वडील उठले, टोपी नीट केली.

"सही झाली?"

आता होईल, मी म्हटलं.

"मगे थांबतंय," ते म्हणाले आणि पुन्हा पायरीवर बसले.

प्रगतिपुस्तक यायला आणखी पंधरा मिनिटं लागली. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, गणिताच्या ओळीवर बोट ठेवून आकडा वाचला, मग बोट खाली नेत नेत सहीवर आणलं आणि तीही अक्षर-अक्षर लावून वाचली. मी शेजारी उभी होते. मी त्यांना घाई केली नाही. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी मुलीला बोचकं उचलायला सांगितलं.